हरलेल्या राजाचं कुबड

गेल्या हिवाळ्यात आमच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीतून मी इंग्लंडच्या राजघराण्यांतल्या लढायांवरची पुस्तकं आणली, आणि इतिहासकार या जमातीवरून माझं मनच उडालं. एकाच घराण्यातले भाऊबंद लाल आणि पांढऱ्या गुलाबाच्या निशाणांखाली वर्षानुवर्षं एकमेकांची मुंडकी उडवतात. लढाई संपली की जिंकलेल्याचे भाट लिहायला बसतात. हरलेल्या राजाचा कणा जरासा वाकडा असेल, पण यांनी त्याला भलंमोठं कुबड दिलं, वाळलेला हात दिला, वर आईच्या पोटातून दातांसकट जन्माला घातलं. मग काही शतकांनी दुसरे दीडशहाणे उठतात आणि त्याच राजाला संत करून टाकतात. दोघांचाही दावा एकच, 'आम्ही तटस्थ आहोत.' डोंबलाचे तटस्थ!

हे सगळं मी मुलीला फोनवर ऐकवायची. ती कॉलेजात हाच इतिहास शिकवते.

"आई, एव्हरीवन हॅज अ साइड," ती म्हणायची. "तू इतकी का चिडतेस?"

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मंडळ बारा वर्षांपूर्वी फुटलं होतं. कारण काय, तर गणपतीचं जेवण सगळ्यांनी घरी करून आणायचं की केटररला सांगायचं! माझ्या जिवलग मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये मंडळ सुरू झालं होतं. ती घरच्या जेवणाच्या बाजूची. मी सेक्रेटरी, केटररच्या बाजूची. निर्णयाच्या मीटिंगला ती आलीच नाही, ठराव झाला, आणि तिनं वेगळं मंडळ काढलं. तेव्हापासून इंडियन ग्रोसरीत ती दिसली तरी मी दुसऱ्या रांगेत वळते. मी लिहिलं, 'एका सभासदाच्या हटवादी स्वभावामुळे मंडळात फूट पडली.' वाक्य मला चांगलं तटस्थ वाटलं.

थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली. तिनं लेख वाचला.

"काकूंची साइड कुठे आहे? त्यांना विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? मी स्वतः तिथे होते."

"दॅट्स व्हॉट द विनर्स ऑल्वेज से, आई."

मी भडकले. लहानपणी त्याच बेसमेंटमध्ये मोदक खाऊन वाढलेली ही, तिला काय कळतंय! दुसऱ्या दिवशी ती सरळ काकूंकडे जाऊन आली आणि तिनं त्यांच्या मंडळाची एक जुनी स्मरणिका माझ्यापुढे टाकली. त्यात माझ्या मैत्रिणीनंही इतिहास लिहिला होता.

मी माझं कुबड शोधत पान न् पान चाळलं. सापडेना. पहिली मूर्ती आम्ही दोघींनी गॅरेजमध्ये कशी रंगवली, ते होतं. मी बसवलेल्या मुलांच्या नाटुकल्यांचं कौतुक होतं. फुटीबद्दल एवढंच होतं, 'त्या मीटिंगची ईमेल मला आली नाही. सेक्रेटरींच्या नजरचुकीने राहून गेली असावी.'

ईमेलच्या यादीतून तिचं नाव मीच काढलं होतं. ती आली असती तर ठराव पडला असता. बारा वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तिच्या अख्ख्या लेखात खोटं असं नजरचुकीचं हे एकच वाक्य होतं, आणि ते तिनं मला वाचवायला लिहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी समोरच बसली होती. मी लॅपटॉप उघडला, हटवादी स्वभावाचं वाक्य पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'ती नजरचूक नव्हती.'