आबांची सलामी आणि माझी आठ मिनिटं

धारूरच्या डोंगरात आमची मेंढरं असतात. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात आणि जत्रेत ढोल वाजवतात. मी बीडला कॉलेजात शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथं मी संगणकावरच्या संगीताचा विषय घेतला. त्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर लहान लहान डबे असतात. एक डबा आवाज घेतो, एक घुमवतो, एक त्याचे तुकडे करतो. डबे एकमेकांना तारा ओढून जोडायचे. अवघड काय, तर समोर लोक बसलेले असताना त्या तारा बदलणं.

स्नेहसंमेलनात आबांचा ढोल आणि माझा लॅपटॉप एकत्र वाजवायचं ठरलं. चार लोकांसमोर माझ्याकडून चुका होतात. म्हणून मी सगळे बदल वेळेसकट आधीच सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवले. दुसऱ्या मिनिटाला घुमारा, चौथ्याला खालचा सूर, सहाव्याला ढोलाचेच तुकडे होऊन दुप्पट वेगानं परत. आठव्याला शांत. आबांचं वाजवणं घरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, त्यावरून वेळा काढल्या.

तालमीच्या दिवशी आबांनी विचारलं, "मला काय करायचंय?"

"काय न्हाई. नेहमीसारखं वाजवा. बाकी समदं आपोआप हुतंय."

"मंग तू कशाला बसायलीस तिथं?"

"शोभंला."

आबा लई हसले.

कार्यक्रम दुपारी होता. प्रमुख पाहुणे भागातले एक पुढारी, ते उशिरा येणार होते, म्हणून आम्हाला आधी उभं केलं. सुरुवात चांगली झाली. घुमारा वेळेवर आला, खालचा सूरही आला. आणि सहावं मिनिट लागायच्या जरा आधी मांडवात गडबड झाली. पाहुणे आले.

आमच्याकडं वाजवणं चालू असताना मोठं माणूस आलं, तर ढोल चालू ताल सोडून आहे तिथून मागं फिरतो आणि संथ सलामी वाजवतो. ती पुरी झाल्यावरच पुढं. हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण मोबाईलमधल्या त्या वाजवण्यात कुणी आलं नव्हतं, आणि मी वेळा त्याच्यावरून काढल्या होत्या.

आबांनी मान लववली, सलामी सुरू केली. एक ठोका, मग थांबणं, मग दुसरा. त्या थांबण्यातच माझे तुकडे दुप्पट वेगानं घुसले.

मी तुकड्यांच्या डब्याचा आवाज माऊसनं खाली ओढला. तो आपोआप वर गेला. पुन्हा ओढला, पुन्हा वर. वर जायचं मीच लिहून ठेवलं होतं. सगळंच बंद करावं, तर आबांचा माईकही त्याच डब्यांतून जात होता. पाहुण्यांसमोर त्यांचा ढोल मुका झाला असता. माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबवत नव्हतं.

आबांनी सलामी दोनदा पहिल्यापासून धरली. दोन्ही वेळा ती तुडवली गेली. मग त्यांनी हात खाली घेतले आणि नुसते उभे राहिले. स्पीकरमधून त्यांच्याच ढोलाचे आधी घेतलेले तुकडे वाजत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी पडद्याकडं बघितलं. आठ मिनिटं पुरी झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते असंच आहे असं वाटलं.

स्टेजमागं आबा म्हणाले, "पाव्हण्याला सलामी गेलीच न्हाई. मीच चुकलो व्हय? मधीच मागं फिरलो."

"न्हाई आबा, तुमी न्हाई चुकला."

"मंग?"

"मशीन चुकलं," मी म्हणाले. मशीन चुकलं नव्हतं.

"आसंल," ते म्हणाले. "पाव्हणे भाषण करून निघतील. तवा गेटवर वाजवतो. चल माय."

आम्ही गेटपाशी थांबलो. उन्हात आबांनी गळ्यातला पट्टा सारखा केला. भाषण लवकर संपलं. तीन गाड्या एकामागं एक आल्या, काळ्या काचा वर केलेल्या. आबांनी ढोलाचं टिपरू उचललं, पण पाहुणे कोणत्या गाडीत आहेत ते कळेना. त्यांनी मला विचारलं, "कोणती गं?" मलाही दिसत नव्हतं. तिसरी गाडी वळेपर्यंत त्यांचा हात तसाच वर होता.