मोठ्या काकीच्या कोरियन चाली

माणसाला धक्का बसण्याची जेवढी म्हणून कारणं या जगात आहेत, त्यांतली निम्मी माझी मोठी काकी भिवंडीच्या टेमघरात बसून एकटी पुरवते. मी स्वभावाने सावध माणूस. सुताच्या पेढीवर बसतो, शब्द जपून वापरतो, चहासुद्धा फुंकून पितो. काकी धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. आमच्या आगरी लग्नांत भटजी असतात, नाही असं नाही, पण लग्न चालतं धवलारणीच्या गाण्यावर. ती गाऊन सांगेल तेव्हा हळद लागते आणि ती गाऊन सांगेल तेव्हाच नवरी पाटावरून उठते. जन्मभर असे गाऊन हुकूम सोडल्यामुळे काकीला साधं बोलणं म्हणून येतच नाही. रिक्षावाल्याला ‘डावीकडे घे’ हेदेखील ती ताल धरून सांगते, आणि तो मुकाट्याने घेतो.

तर ही काकी एके दिवशी कोलंबी सोलता सोलता मला म्हणाली, “मी कोरियन शिकतंय.” मला वाटलं, भरतकामाचा काही प्रकार असेल. “भाषा रं, भाषा!” ती म्हणाली, आणि माझ्या हातातली बशी खाली पडली. कारण मात्र खरं होतं. काकीच्या नातीची आई पोर रांगत असतानाच गेली. तिला न्हाऊमाखू घालण्यापासून कॉलेजच्या बसमध्ये बसवण्यापर्यंत सगळं काकीनेच केलं. ती पोर पुण्याला एका कोरियन कंपनीत लागली आणि तिथल्याच एका कोरियन मुलाशी लग्न ठरवून घरी आली. लग्नानंतर दोघं त्याच्या गावी, त्याच्या आईजवळ राहणार होती. घरातले पुरुष दोन दिवस जेवले नाहीत. काकीने मात्र एवढंच विचारलं, “त्याची आई काय बोलते?” फक्त कोरियन, असं कळल्यावर ती म्हणाली, “मग मना शिकाया पायजे. पोर परमुलखात नांदाया जानार. विहिनीला चार शब्द कोन सांगंल, तुझा बाप?” माझे वडील वारून बरीच वर्षं झाली, पण काकीच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो.

ती फोनवर धडे ऐकायची. अक्षरं तिने पहिल्याच दिवशी नापास केली आणि शब्द पाठ करायचे म्हटलं की तिला जांभया यायच्या. तिला हवे होते ते वाक्यांचे साचे. त्यांना ती चाली म्हणते. “धवल्यात गान्याची ओल तीच असते,” तिने मला समजावलं, “मामाच्या जागी काका घालाचा, हलदीच्या जागी तांदूल. हे पन तसंच हाय.” मग काय, चाल कोरियन आणि आत भरलेला माल भिवंडीचा! मासळी बाजारात ‘बोंबील जुसेयो’, म्हणजे बोंबील द्या. घरी आलेल्या पाहुण्याला ‘भाकर मोगो बोसेयो’, म्हणजे भाकर खाऊन बघा. ‘मला करावंसं वाटतं’ ही चाल तिने शिकून सोडून दिली, कारण कोरियनमध्ये ते ‘हागो’ असं सुरू होतं, आणि तो शब्द आमच्याकडे चारचौघांत काढता येत नाही. शेजारच्या लूमवर शिफ्ट संपवून ओट्यावर टेकणाऱ्या चाचांनी एकदा विचारलं, “चाची, ये कौन सी बोली है?” काकी म्हणाली, “कोरियन हाय. तुम बी बोलो, फुकट हाय.” दुसऱ्या दिवशी मी टपरीवर उभा होतो, तर चाचा चहावाल्याला म्हणत होते, “दो कटिंग जुसेयो.” मी चहा न पिताच निघालो.

काकीचं ठाम मत असं की कोरियन ही आपलीच भाषा, जरा लांब नांदायला गेलेली. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. ‘करून बघा’ आहे, ‘करून द्या’ आहे. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे, “इंग्रजांत विहिनीला शब्द न्हाय. यांच्यात हाय. सादोन. मंजे घरानं बरं असनार.”

अखेर ते घराणं आलं. म्हणजे नवरा मुलगा आणि त्याची आई, एवढंच. बाई बारीक, नीटनेटक्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसणाऱ्या. त्यांना नमस्कारावर नमस्कार करून आमच्या माना दुखल्या. हळदीच्या दिवशी दुपारची पंगत बसली, आणि काकी उभी राहिली. आता आमच्याकडे विहिणीला गाण्यातून चार शिव्या द्यायच्या असतात. न दिल्या तर विहीण रुसते, आपली कुणी दखलच घेतली नाही म्हणते. काकीने हा मान पाहुणीला तिच्याच भाषेत द्यायचं ठरवलं होतं, आणि आम्हांला कुणाला पत्ता नव्हता. तिने भाताच्या टोपाकडे बोट दाखवून खड्या आवाजात धरलं, की विहीणबाई, भात संपवलात, आता ‘टोप मोक्ची मासेयो’! म्हणजे, टोप तरी खाऊ नका. बायका खोखो हसल्या. काकीचं कोरियन कुणाला तरी समजण्याची ही पहिलीच वेळ होती. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

नवरा मुलगा दाराशी जाऊन हळू आवाजात हाका मारत होता. हळद लागलेली नात रडत म्हणाली, “आजी, हे काय केलंस? मला त्यांच्याच घरात राहायचंय गं!” काकीचं तोंड असं पांढरं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नात म्हणाली, मी आत जाऊन समजावते. काकीने तिला हाताने मागे सारलं. “पोरीच्या तोंडून माफी मागली तर विहीन जल्मात इसरत न्हाय,” ती म्हणाली आणि गुडघे धरत उंबऱ्यावर बसली.

मग ती बंद दाराशी बोलायला लागली. गाणं नाही, ताल नाही. अडखळत, साचा शोधत, मध्ये मराठी शब्द कोंबत. मियान्हेयो, माफ करा. आमच्यात विहीण विहिणीला बोलते. मी तुम्हांला बोलले. आता तुम्ही मला बोला. माल्हे बोसेयो. बोलून बघा.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाई काकीसमोर खाली बसल्या आणि आधी चाचरत, मग भराभर बोलू लागल्या. काकी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. नात थक्क होऊन ऐकत होती. शेवटी बाई रडल्या, काकी रडली, आणि दोघींनी एका ताटात गार झालेला भात खाल्ला. नातीने नंतर मला सांगितलं की काकीचा आवाज कावळ्यासारखा आहे, एवढीच काय ती शिवी होती. बाकी सगळं त्या बाई आपल्या रिकाम्या घराबद्दल बोलत होत्या. सून आपल्याला परकं मानील याची त्यांना विमानात सारी वाट धास्ती होती. काकीला त्यातलं कावळ्यापुढचं काहीच कळलं नव्हतं.

पोर सासरी गेली. घर गप्प झालं. काकीच्या कोरियन चाली आता थांबतील, असं मी समजत होतो. पण परवा गेलो तर ती ओट्यावर फोन कानाशी धरून नवा धडा घोकत होती, आणि गात नव्हती. “आता कशाला काकी?” मी म्हणालो. “पोर रोज बोलते ना तुझ्याशी, मराठीत?”

“बोलते. सगलं बरं हाय म्हनते,” काकी म्हणाली. तिने फोन मांडीवर ठेवला आणि पदराने पुसला. “पोर जेवत न्हाय, खिडकीशी बसून रडते, ते मना विहीन सांगते.”