गोळ्यांना सुट्टी

तमाम सभासद बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, बी विंगच्या लिफ्टशेजारचा फळा आजपासून आरोग्यविषयक सल्ला देणार नाही. ज्यांना पित्त, गुडघे, गॅस किंवा दीर्घायुष्य यांबद्दल काही विचारायचं असेल त्यांनी डॉक्टरांकडे जावं. फळ्यावर यापुढे पाणी किती वाजता जाणार एवढंच लिहिलं जाईल, आणि तेही पंपवाल्याला दोनदा विचारून.

हे निवेदन मी कुठे लावलं नाही. मनात मात्र इतक्यांदा वाचून दाखवलंय की त्यातल्या थांबायच्या जागासुद्धा ठरल्या आहेत. 'दीर्घायुष्य' या शब्दानंतर थांबायचं, लोक हसतात. निदान मनातले तरी.

खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत हा फळा आधी सुविचारासाठी होता. पण हल्ली सुविचार उठल्याउठल्या फोनवरच येतात, गुलाबाच्या फुलासकट. फळ्याकडे कोणी बघेना. तेव्हा मी कमिटीपुढे उभा राहिलो, खांद्यावर नसलेली शाल सावरली आणि सांगितलं की यापुढे 'आजचा आरोग्यमंत्र' मी लिहीन. कमिटीला चहाची घाई होती, ठराव पास झाला.

आणि काय सांगू, फळा चालला. दोनपैकी एक लिफ्ट कायम बंद, त्यामुळे सकाळी पाचसहा माणसं तिथे अडकलेली असायचीच. असा हक्काचा प्रेक्षक नाटकवाल्यांनाही मिळत नाही. मी नुसतं लिहीत नसे, करून दाखवत असे. सुस्तावलेलं यकृत म्हणजे सासुरवाडीला चार दिवस राहिलेला जावई, असा चेहरा करायचो. तळमजल्यावरची मावशी, मूळची बोनकोड्याची, खुर्ची टाकून बसायची आणि म्हणायची, "मना चष्म्याबिगर दिसत नाय. वाच रं, आज काय लिवलंस?" मी वाचायचो. ती शेवटी दरवेळी एकच म्हणायची, "सुनंला इचारते." तिची सून सरकारी दवाखान्यात नर्स. मला त्या सुनेचा फार राग यायचा. एवढा प्रयोग करायचा आणि निकाल सुनेने द्यायचा.

मजकूर मी ऑफिसात शोधायचो. शिरवण्याच्या बाजूला एका केमिकल कंपनीत मी डिस्पॅच बघतो. जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला, फोन दुसऱ्या बाजूला. नेटवर दोन प्रकारची पानं सापडतात हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. एक प्रकार लाल अक्षरांचा: डॉक्टर तुमच्यापासून हे लपवतात, सात दिवसांत फरक, आणि खाली कसल्याशा पावडरीचा डबा विकायला. दुसरा प्रकार म्हणजे सरकारी कचेरीतला पंखा. कोणी लिहिलं, कोणी तपासलं, कधी तपासलं, पुरावा कशाचा, सगळं असतं. फक्त हवा लागत नाही. 'पुरेसा पुरावा उपलब्ध नाही. आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' आता हे लिफ्टसमोर उभं राहून कसं करून दाखवायचं?

मला फरक कळत नव्हता असं कोणी समजू नये. चांगला कळत होता. मी निवड करत होतो. सहा ओळींत मावलं पाहिजे आणि सातव्या ओळीला टाळी आली पाहिजे.

माझा एक वाचक मात्र टाळ्या वाजवत नसे. माझा थोरला भाऊ. दादा आणि वहिनी तळमजल्यावरच, मावशीच्या समोर राहतात. दादा पेंटर, म्हणजे अक्षरांचा. एमआयडीसीतल्या निम्म्या टँकरांवरचं 'ज्वलनशील' त्याच्या हातचं. मला लिहायला त्यानेच शिकवलं, गावी, ओसरीवर ओल्या खडूने. तो रोज सकाळी हात मागे बांधून फळ्यासमोर यायचा, सगळं वाचायचा आणि मजकुराबद्दल अवाक्षर न काढता म्हणायचा, "ळची गाठ सैल पडलीय." नाहीतर, "रफार ढकलल्यासारखा वाटतो." पन्नाशी उलटलेला मी, पण त्या दिवशी ऑफिसात कागदावर ळ गिरवायचो.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशीचा मंत्र होता शेवग्याच्या पाल्याचा काढा. लाल अक्षरवाल्या पानावर लिहिलं होतं की एकवीस दिवस काढा घेतल्यास रक्तदाब उतरतो आणि 'गोळ्यांची गरज कमी होऊ शकते'. मी दुसरंही पान उघडलं होतं, पंखावालं. त्यावर होतं की शेवग्याच्या पाल्याने रक्तदाब बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. मी ते पुरतं वाचलं. मग ते बंद केलं, कारण जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि मला शेवटची ओळ सुचली होती.

'गरज कमी होऊ शकते' हे फळ्यावर बसेना. लांब पडत होतं, शिवाय लुळं. मी लिहिलं: एकविसाव्या दिवशी गोळ्यांना सुट्टी. पिवळ्या खडूने, खाली दुहेरी रेघ. हे त्या पानावरसुद्धा नव्हतं. पावडर विकणाऱ्यालाही जे लिहायचा धीर झाला नव्हता ते मी लिहिलं, फुकट.

प्रयोग झकास झाला. मी गोळीची डबी कमरेला खोचून सुट्टीवर निघालेल्या कारकुनाची चाल करून दाखवली. मावशी पोट धरून हसली आणि म्हणाली, "सुनंला इचारते." दादा मागे उभा होता. फळ्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, "आज चांगलं आलंय."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी दिवसभर हवेत होतो.

दुसऱ्या दिवसापासून दादा काठीला हूक बांधून कंपाउंडच्या भिंतीलगतच्या शेवग्याचा पाला काढताना दिसायला लागला. मी ऑफिसला जाताना हात करायचो. "कितवा दिवस?" मी विचारायचो. "नववा," तो सांगायचा. "चौदावा." एकदा वहिनी दारातून म्हणाली, "भावजी, घर सगळं पाल्याच्या वासाने भरलंय. तुमच्या भावाला कॉलनीतली बकरी समजतील." आम्ही तिघंही हसलो. एकवीस झाल्यावर मी विचारायचं विसरलो. फळा तोवर मेथीच्या दाण्यांवर आणि पुढे आवळ्यावर गेला होता.

त्यानंतर पाचएक आठवड्यांनी, रविवारी सकाळी, दादा दाढी करता करता बाथरूमच्या दाराला टेकून खाली बसला. वस्तरा उजव्या हातातून पडला होता आणि तो डाव्या हाताने उजवा हात उचलून बघत होता, कोणाचा आहे म्हणून.

पनवेलच्या हॉस्पिटलात डॉक्टर तरुण मुलगी होती. रागावलेली वाटली नाही, दमलेली वाटली. तिने वहिनीला विचारलं, "बीपीची गोळी चालू होती ना?"

"बंद केली होती."

"कधीपासून?"

"महिना होऊन गेला."

"कोणी सांगितलं बंद करायला?"

मी वहिनीच्या शेजारीच उभा होतो. वहिनीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "नेटवर होतं," ती म्हणाली.

डॉक्टरने मान हलवली, रोजचंच असल्यासारखी, आणि लिहून घेतलं. ज्या माणसाच्या हातातून सोसायटीच्या गणपतीत माइक काढून घ्यावा लागतो, त्या माणसाला तिथे तोंड उघडता आलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. नेट. केवढा मोठा, किती सोयीचा आरोपी. त्याला ना भाऊ, ना वहिनी.

नंतरचे महिने मी तेच वाक्य वापरलं. लिफ्टजवळ कोणी दादाची चौकशी केली की म्हणायचो, "काय करणार, नेटवर काहीही लिहितात." लोक च्‌च् करायचे. मावशी फक्त खुर्ची आत घेऊन जायची. सुनेने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गोळी सोडायची नाही. हे मला तिने सांगितलं नाही, सुनेने सांगितलं, गेटजवळ, न थांबता.

दादा पाय ओढत चालायला लागला. बोलणं बऱ्यापैकी परत आलं. उजवा हात नाही आला. व्यायामासाठी त्याला रबरी चेंडू दिला होता. तो पायजम्याच्या खिशात असायचा. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, गोष्टी सांगायचो, त्याला हसवायचो. हसताना त्याचं अर्धंच तोंड हसायचं. त्याने फळ्याचा विषय कधी काढला नाही. त्याने रागवावं म्हणून मी एकदा मुद्दाम ळ वाकडा काढून कागद त्याच्या समोर ठेवला. त्याने तो नीट घडी करून मला परत दिला.

शेवटी गेल्या महिन्यात मी फळा पुसला. कोरडा नाही, ओल्या फडक्याने, त्याने शिकवलं होतं तसा. आणि पंखावाल्या पानावरचं वाक्य पांढऱ्या खडूने उतरवलं. शेवग्याच्या पाल्याने रक्तदाब बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. खाली, प्रामाणिकपणाचा झटका आल्यासारखं, ते कोणी तपासलं आणि कोणत्या तारखेला तपासलं तेही लिहिलं. रेघ मारली नाही.

लिफ्टची वाट बघणारे होते चौघं. एकाने वाचलं, बाकीचे फोनमध्ये. मी काही करून दाखवलं नाही, त्यामुळे लिफ्ट आल्यावर सगळे निघून गेले.

तेवढ्यात वहिनी दादाला धरून बाहेर घेऊन आली. दादा फळ्यासमोर थांबला. सवयीने हात मागे न्यायला गेला, एकच गेला.

वहिनीची सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात गेली, मुलांचे दाखले तपासण्यात. कुठलाही कागद समोर आला की ती आधी तारीख बघते. तिने फळा खालून वर वाचला. तारीख शेवग्याच्या काढ्याच्या बऱ्याच आधीची होती. तिने ती पुन्हा वाचली, ओठ हलवत, मनाशी महिने मोजत. मग माझ्याकडे वळली. दादाचा हात तिच्या हातात होता, समोरच्या दारातून मावशीची सून बाहेर पडत होती, आणि चार महिने मला सांभाळून घेणारी ती बाई सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून गेली, "भावजी, हे तुम्ही तेव्हा वाचलं होतं?"