पदराखालचे केस

सोनवणे सर कोणाचाही चेहरा आधी बघत नसत. आधी केस. मी नोकरीला लागले त्या दिवशी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, पडद्यावरच्या राजकन्येकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपण केरसुणी काढताय का?" परदेशी गेम्ससाठी संगणकावर चित्रं रंगवून देणारी आमची छोटी कंपनी स्वारगेटजवळ होती. मी सकाळपासून एकेक केस रेखाटत बसले होते. इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"केस काढायचे नसतात," ते म्हणाले. "आधी नुसता अंबाड्याचा गोळा रंगवा. मग सावली, मग उजेडाचा पट्टा. सुटे केस शेवटी, पाच-सहा. आणि भांगापाशी कातडी दिसू द्या, नाहीतर टोप वाटतो." एवढं सांगेपर्यंत ते दोनदा खिडकीपाशी जाऊन आले.

स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. येरवड्यात दुकानांच्या पाट्या आणि पोस्टरं रंगवता रंगवता ते चाळिशीत संगणकाकडे वळलेले. चहा अर्धा टाकून उठायचे आणि जेवणाच्या सुट्टीत एसटी डेपोत जाऊन रांगेतल्या बायकांचे अंबाडे न्याहाळायचे. एकदा एका बाईंनी हटकलं, "काय बघताय?"

"उजेड कुठून पडतोय ते."

"मग वर बघा."

हा किस्सा त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितला, पण हसले नाहीत.

त्या वर्षी त्यांची तगमग फारच वाढली. आई वारली होती आणि वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिचं मोठं चित्र लावायचं होतं. फोटो एकच, मतदार ओळखपत्रावरचा, कपाळापर्यंत पदर घेतलेला. सरांना ती पदराशिवाय हवी होती. "वीस वर्षं जगभरच्या बायकांचे केस रंगवतोय आणि आईचे कधी पाहिलेच नाहीत. काय म्हणावं या माणसाला?" असं म्हणायचे आणि दिवसभर खपून केलेला अंबाडा संध्याकाळी पुसून टाकायचे. पुण्यानुमोदन महिन्यावर आलं तेव्हा कुठे एक जमला. काळाभोर, कानामागे किंचित पांढरा. मला तो इतका आवडला की मीच म्हटलं, आता हात लावू नका.

रविवारी त्याची छापील प्रत घेऊन ते येरवड्याला मावशींकडे निघाले, मलाही सोबत नेलं. आईची ही धाकटी बहीण, जन्मभर तिच्याबरोबर बांधकामांवर राबलेली. मावशींनी चित्र दाराच्या उजेडात धरलं.

"केस झ्याक काढलेस रं," त्या म्हणाल्या. "पर आक्काला एवढे केस कुठं व्हते? घमेली वाहून वाहून टाळू उघडी पडली व्हती तिची. डोईवरच्या चुंबळीखालचे केस परत आलेच न्हाईत. म्हणून तर पदर. तुला ठाव न्हाय व्हय?"

सरांनी चित्र गुंडाळून घेतलं. परतताना त्यांनी स्कूटर माझ्या स्टॉपवरून तशीच पुढे नेली.

पुढचा आठवडाभर त्यांनी जे रंगवलं ते जवळ जाऊन बघायची मला हिंमत होत नव्हती. विरळ, राखाडी केस. टाळूवर तळहाताएवढी गुळगुळीत जागा, तिच्या कडेला तुटके खुंट. त्यांचं इतकं खरं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते पुरं झालं आणि सरांनी त्यावर नवा थर घेऊन पदर रंगवला, थेट कपाळापर्यंत. संगणकावर खालचा थर झाकला तरी फाइलमध्ये तसाच राहतो, छापताना मात्र वरचाच उमटतो.

चित्र छापायला मीच नेणार होते. मला राहवलं नाही. "सर, हे केस कोणालाच दिसणार नाहीत. मग एवढे कष्ट कशाला?"

"तिला ते दाखवायचे नव्हते," सर म्हणाले. "मला बघायचे होते."