मगजीला मारू नका

चौसाळ्यात माझं बांगड्यांचं दुकान आहे आणि त्याला लागून शाईस्ताचं शिलाईचं. तिच्याकडे ब्लाउज वेळेवर मिळत नाही, कारण ती कादंबरी लिहिते. मोबाइलवरच, वाचायच्या एका ॲपवर, दर शुक्रवारी एक भाग. त्यात सात किल्ले आहेत, उडणारे डोंगर आहेत, तलवार चालवणारी राजकन्या आहे आणि घोडे तर इतके, की त्यांना चारा कोण घालतं हे तिलाही माहीत नसावं. पहिली वाचक मी. मला असलं काही आवडत नाही हे मी तिला सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. तरी एक भाग चुकवलेला नाही.

अडचण घोड्यांच्या नावांची होती. बादल, तुफान, बिजली, आणि ती संपली की परत बादल. एका वाचकाने खाली लिहिलं, "ताई, बादल तर दरीत पडून मेला होता, आज तो गवत कसा खातोय?" तो वेगळा बादल होता. त्या दिवशी शाईस्ता एका बाईच्या झंपराला दोन्ही बाह्या डाव्या लावून बसली.

मग नव्या नावांचा शोध सुरू झाला. तिचा नवरा अबरार फळांचा गाडा लावतो. त्याने केशर आणि दशेरी सुचवली. शाईस्ता म्हणाली, "घोडा पळवायचा हाय, पेटीत न्हाई भरायचा." तिने स्वतः डोकं लावून 'झ्वारंक्ष' असं एक नाव तयार केलं. मी म्हटलं, बाहेर जाऊन हाक मारून दाखव. तिने मारली. समोरचा चहावाला पाण्याचा पेला घेऊन धावत आला, त्याला वाटलं बाईला ठसका लागला.

शेवटी मीच म्हटलं, ज्याच्या दारात घोडे बांधलेत त्याला विचार. आमच्या गल्लीच्या टोकाला सुग्रीवमामा राहतात. ते वरातीला घोडी देतात. त्यांच्याकडे घोड्या दोन, आणि दोघींचं नाव राणी.

"दोघी बी राणीच?" शाईस्ताने विचारलं.

"लोकं फोनवर इचारतात, राणी हाय का. न्हाई कसं म्हणावं? माझ्या बापापासून हेच चालू हाय. एक गेली की दुसरी राणी."

"अन् हाक मारली तर?"

"दोघी बी बघतात. जिचं काम न्हाई ती मान फिरवती."

शाईस्ताने कपाळाला हात लावला. पण निघता निघता ती थोरल्या राणीपाशी थांबली. वयाने उतरलेली, मळकट पांढरी घोडी, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर एक बारीक तपकिरी रेघ. त्या रेघेपायी नवरदेवाकडचे लोक तिला नको म्हणत, फोटोत घोडी पांढरीशुभ्र पाहिजे. या लग्नसराईतही ती दारातच उभी राहिली तर विकून टाकायची, असं मामांच्या थोरल्या मुलाने बजावलं होतं. हे सांगताना मामा घोडीकडे पाठ करून उभे राहिले, तिला कळू नये म्हणून.

शाईस्ताने त्या रेघेवरून बोट फिरवलं. "मामा, ही तर मगजी लावल्यासारखी हाय." मगजी म्हणजे गळ्याला नाहीतर बाहीला आम्ही शिवून घेतो ती वेगळ्या रंगाची पट्टी. त्या शुक्रवारी राजकन्या नव्या घोडीवर बसली. पाठीवर तीच तपकिरी रेघ, नाव मगजी.

हे नाव असं चाललं की विचारू नका. मगजीने पुरातून नदी ओलांडली, मगजीने राक्षस तुडवले, आणि वाचक राजकन्येला विसरून गेले. गावातल्या पोरींनी पाठीवरची रेघ लगेच ओळखली. मग नवऱ्या मुली हट्ट धरू लागल्या, वरात येईल तर मगजीवरच. मामाही थोरलीला त्याच नावाने हाक मारू लागले. त्या दारात पहिल्यांदाच एका हाकेला एकच घोडी वळून बघायला लागली.

आणि शाईस्ताने ठरवलं की शेवटच्या भागात मगजी मरणार. हे तिने फक्त मला सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बाजाराला कळलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मामा शाईस्ताच्या पायरीवर बसलेले. ती दिसताच म्हणाले, "आपा, मगजीला मारू नका."

"मामा, ती गोष्टीतली हाय."

"आसंल. पण धारूरचे पाव्हणे ती गोष्ट वाचतात. सोमवारची वरात हाय. मेलेल्या घोडीवर नवरदेव कोण बसवील? नवरीच्या आत्याचा आत्ताच फोन आलता, घोडीची तब्येत कशी हाय म्हणून."

शाईस्ता चिडली. त्या मरणासाठी तिने किती रात्री जीव आटवला होता हे मला ठाऊक होतं. "मी काय वरातीसाठी लिहिती का? कुणीतरी मेल्याबिगर माझा शेवट व्हत न्हाई."

मामा पायरीवरून उठले. मग म्हणाले, "तर मग राणीला मारा."

"राणी माझ्या गोष्टीत न्हाईच."

"आणा की. राणी मेली तर काई बिघडत न्हाई. माझ्या तीन मेल्या. दुसऱ्या दिवशी फोन यायचा, राणी हाय का. मी हाय म्हणायचो. कोणती हाय, आसं कुणी इचारलं न्हाई."

शाईस्ताने हातातली कात्री खाली ठेवली.

शुक्रवारी किल्ल्याच्या पायथ्याशी अचानक एक म्हातारी घोडी आली. जन्मभर दुसऱ्यांच्या वराती वाहिलेली, नाव राणी. मगजी जखमी होऊन पडली तेव्हा या राणीने राजकन्येला पाठीवर घेतलं, कडा चढून वर पोचवलं आणि तिथेच प्राण सोडला. खाली वाचकांनी विचारलं, ही राणी कोण, आधी तर कुठे नव्हती. विचारता विचारता रडलेही.

मी तेव्हा मामांच्या सुनेला बांगड्या भरायला गेले होते. तिने तो भाग मोठ्याने वाचून दाखवला. मामा घोड्यांपाशी बसून ऐकत होते, आणि हुंदके देऊन रडले. "थोरलीच्या आधीची मेली तवा दुसऱ्या दिवशी वरात व्हती," ते म्हणाले. "रडायचं राहूनच गेलतं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, राणी आहे का म्हणून विचारत होता. मामांनी उपरण्याने डोळे पुसले आणि धाकट्या घोडीकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "राणी वारली. धाकटीचं नाव ठेवायचं हाय, ते झालं की फोन करा."