चवळीच्या शेंगांची वाटी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या मामी गॅलरीत, तेलाच्या डब्यांत चवळी लावत. शेंगांची भाजी झाली की वाटीभर आमच्या दारात येई आणि वर दटावणी, "वाटी रिकामी धाडू नको हां, झिला!"

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्या दुपारी पोलिसांनी मला धरलं. "दगड मारणारा कुठे लपलाय?" घाबरून मी मामींच्या दाराकडे बोट केलं. पोलिसांनी त्यांच्या मुलाला फरफटत नेलं. पदरात शेंगा घेऊन मामी माझ्याकडेच बघत होत्या.

संध्याकाळी त्या वाटी घेऊन दारात उभ्या!

"खा रे. कोवळ्यो शेंगो आसत."

दटावणी नव्हती.

ती वाटी अजून माझ्याकडेच आहे. परत करताना "मामी, माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं.