नव्या गवताचे थेंब

जळगावात बाजाराच्या मागच्या गल्लीत पंडितचं पत्र्याचं दुकान होतं. होळी झाली की कूलरचं काम सुरू व्हायचं ते पार मृग लागेपर्यंत. तो पत्रा कापायचा, पेटी वळवायचा, पंप आणि पंखा बसवायचा. तिन्ही बाजूंच्या जाळ्यांमध्ये गवत भरायचं काम त्याची बायको पुष्पा करायची. लाकडाचं ते कुरळं, पिवळं गवत दाबून भरलं तर हवा जात नाही, सैल भरलं तर पाणी थांबत नाही. पुष्पाचा हात अगदी बरोबर बसला होता. कूलर न्यायला आलेल्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट दोनदा सांगायची, "नवं गवत आहे. पहिला तासभर नुसता पंप चालू ठेवा, पंखा लावू नका. नाहीतर थेंब उडतील, घरभर पिवळे डाग पडतील."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं धुळ्याला पुष्पाच्या माहेरी जात. तिची थोरली बहीण लता धुळ्यातच दिलेली, शेजारच्या गल्लीत. लताचे यजमान रुपचंद बँकेत होते. जेवणं झाली की पुरुषमंडळी पत्ते मांडून बसत. पंडितही बसायचा, पण दुसरा डाव पडायच्या आत रुपचंद म्हणायचे, "पाहुणे, एवढं आमच्या कूलरचं बघता का? घुर्रघुर्र करतोय मेला." मग पंडित उठायचा. लताचा कूलर त्यानेच लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बनवून दिला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्याचं झालं की शेजारच्यांचाही निघायचा. संध्याकाळी तो परत यायचा तेव्हा शर्टावर गंजाच्या पाण्याचे डाग असायचे आणि डाव संपलेला असायचा.

कोणी त्याला वाईट बोलत नसे. रुपचंद तर हौसेने ओळख करून द्यायचे, "हे आमचे साडू. कूलरमध्ये यांचा हात कोणी धरणार नाही." पुष्पा तेवढ्यापुरती आत निघून जायची.

शहाण्णव साली पंडितला दुबईचं काम मिळालं. मोठ्या इमारतींमध्ये एसीची थंड हवा वाहून नेणारे पत्र्याचे बोगदे बसवायचे. त्यांना डक्ट म्हणतात. पत्रा तोच, कात्री तीच, फक्त उभं राहायचं ते साठ फुटांवर. पहिलं पत्र लिहायला बसला तेव्हा त्याला ते लिहवेना. एवढं कर्ज-पाणी, विमान, पासपोर्ट करून माणूस गेला आणि पुन्हा पत्राच कापतोय, हे वाचून धुळ्यात काय म्हणतील? त्याने लिहिलं, "कंपनीत कॉम्प्युटरचं काम आहे. बसून असतं."

त्या एका ओळीने जळगावचं घर बदललं. पुष्पाने दुकानाची फळी कायमची लावली. आईकडे, लताकडे, जिथे जाईल तिथे ती सांगू लागली, "आता आमच्याकडे पत्र्याची कामं नाहीत." लता तिला आता चहाबरोबर बशीत काहीतरी ठेवू लागली. पंडितला पत्रातून हे सगळं कळायचं. खरं लिहायचं तर ते पहिल्या महिन्यातच लिहायला हवं होतं. सहाव्या महिन्यात लिहिणं अवघड झालं, आणि दुसऱ्या वर्षी तर तो विषयच त्याने मनात बंद करून टाकला.

अठ्ठ्याण्णवच्या शेवटी रुपचंदचं पत्र आलं. अक्षर बँकेतलं, वळणदार. "पाहुणे, एक गळ घालतो. पुण्याला मित्राकडे कॉम्प्युटरवर विमान चालवायचा गेम खेळलो. तेव्हापासून झोप नाही. आपण काही खऱ्या विमानात बसत नाही, निदान खोटं तरी उडवू. इथे तसा कॉम्प्युटर जुळवून देणारं कोणी नाही. तुम्ही त्यातले माहीतगार. एकेक पार्ट तुमच्या पसंतीने घ्या. मी काही सांगत नाही." पैसे त्यांनी पुष्पाकडे पोचतेही केले होते.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी पंडित चांगला शर्ट घालून कॉम्प्युटरच्या गल्लीत गेला. चार दुकानांसमोरून नुसताच गेला. पाचव्या दुकानात वर्गीस नावाचा केरळचा माणूस होता, तो स्वतःहून बोलला म्हणून पंडित आत शिरला. वर्गीसने काचेवर एकेक वस्तू मांडली. प्रोसेसर, मदरबोर्ड, चौसष्ट एमबी रॅम, हार्ड डिस्क. गेमसाठी वेगळं थ्रीडी कार्ड, ते म्हणे नसेल तर विमान अडखळत उडेल. पंडित प्रत्येक गोष्टीला हातात घेऊन मान हलवत होता. प्रोसेसरवर बसवायचा ॲल्युमिनियमचा ठोकळा मात्र त्याला चटकन कळला. उभ्या पात्या, वर पंखा. उष्णता पात्यांत चढणार, पंखा ती उडवून लावणार.

वर्गीसने दोन ठोकळे ठेवले होते, एक लहान, एक हाताच्या पंजाएवढा. कॅबिनेटही दोन. एक उंच, करड्या रंगाचं, लोखंडी कपाटासारखं, मागे आणखी एक पंखा बसवायची जागा असलेलं. दुसरं सडपातळ, पुढे काळी काच.

"किधर चलेगा ये? एसी रूम है ना?" वर्गीसने विचारलं. "गर्मी का जगह है तो ये बडावाला लो. पीछे पंखा लगाके देता. एसी है तो छोटा चलेगा."

पंडितने सडपातळ कॅबिनेटच्या मागे तळहात नेला. मागे चार बोटं जातील एवढीच भोकं. आत घातलेली हवा बाहेर कुठून काढायची हे आधी ठरवायचं, ही डक्टच्या कामातली पहिली गोष्ट. या पेटीत हवा येते आहे, निघत नाही, हे त्याला वर्गीसच्या आधी कळलं होतं. धुळ्याच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराच्या माडीवर, ही पेटी भट्टी होणार.

शेजारी एक सूट घातलेला गुजराती माणूस लॅपटॉप पाहत उभा होता. त्याच्यासमोर, आमच्याकडे एसी नाही, गवताचा कूलर आहे, असं पंडितला म्हणवेना. थ्रीडी कार्ड घेणाऱ्याच्या घरी एसी असणारच की.

"एसी है," तो म्हणाला. "दोनों रूम में."

वर्गीसने उंच कॅबिनेट उचलून मागे ठेवून दिलं.

एप्रिलमध्ये पंडित सुट्टीवर आला, तो खोका लेकरासारखा मांडीवर जपत. आखाजीला सगळे धुळ्याला जमले. सासूने, झुंबरबाईंनी, खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, पातेलंभर रस होता. जेवताना रुपचंदने पंडितचं ताट आपल्या शेजारी मांडायला लावलं. पत्त्यांचं नावही कोणी काढलं नाही. "आज पत्ते नाहीत," रुपचंदने जाहीर केलं, "आज विमान."

लताच्या माडीवर दहा-बारा माणसं दाटीने बसली. मॉनिटर रुपचंदने इथेच घेऊन ठेवला होता. पंडितने वायरी जोडल्या. वर्गीसने कोणती कुठे ते रंगीत कागद चिकटवून दिलं होतं, ते पाठ करून कागद त्याने घरातच काढून टाकले होते. पडद्यावर धावपट्टी आली आणि माडीवर "आलं, आलं!" झालं. रुपचंद खुर्चीत ताठ बसले, चष्मा पुसला, आणि विमान उचललं.

"बघा, बघा, मुंबई मागे टाकली," ते ओरडले.

"इतक्या लवकर? आमची गाडी चाळीसगावलाच तासभर थांबते," कोणीतरी म्हणालं.

दहा मिनिटांत विमान आकाशात जागच्या जागी थांबलं. पडदा हलेना. पंडितने बंद करून पुन्हा सुरू केलं. या वेळी सात मिनिटं. मग चार. पेटीच्या मागे हात नेला तर तव्याजवळ नेल्यासारखं वाटलं.

दाराशी बसलेल्या झुंबरबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "हाई पेटीना जीव घाबरी ऱ्हायना. खिडकी नही येले. वारा कथाईन जाई?"

वारा जायला पेटीला खिडकी हवी, हे ऐकून सगळे हसले. "आई, ही काय धान्याची कोठी आहे का?" रुपचंद म्हणाले. "कॉम्प्युटरवाले जावई बसलेत ना समोर. त्यांना सांगू द्या." मग पंडितकडे वळून, "काय पाहुणे, काय असेल?"

"जरा गरम झालंय," पंडित म्हणाला.

"मग कूलर लावू की समोर. बाजूचा पत्रा काढून ठेवा, सरळ आत हवा जाऊ द्या. चालेल ना?"

कूलर कोपऱ्यात होता. पंधरा वर्षांपूर्वीचा, पंडितच्याच हातचा. पण जाळ्या नव्या गवताने पिवळ्याधमक होत्या. लता कौतुकाने म्हणाली, "या वर्षी बाजारातून माणूस बोलावून भरून घेतला. सकाळीच भरला, अजून लावलाही नाही. म्हटलं, आता पाहुण्यांना असली कामं सांगायची का?"

पंडितने एका नजरेत पाहिलं. गवत सैल होतं. वरच्या बाजूला तर हाताएवढी पोकळी होती. पाणी सोडून पंखा लावला की पहिला तासभर थेंब उडणार, आणि हे पाणी धुळ्याचं, खारं. ते त्या मदरबोर्डच्या उघड्या पाटीवर. त्याच्या तोंडून वाक्य जवळजवळ निघालं होतं, नवं गवत आहे, आधी नुसता पंप चालवा. पण हे कोण बोलतं? हे कूलरवाला बोलतो. माडीवरची सगळी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. पुष्पा लताच्या शेजारी बसली होती, त्याने आणलेली गुळगुळीत साडी नेसून. तीही त्याच्याकडेच बघत होती.

"चालेल," तो म्हणाला.

त्याने स्वतः स्क्रू काढून बाजूचा पत्रा उतरवला. दोघांनी कूलर ओढत आणून समोर लावला. पंप आणि पंखा एकदमच सुरू झाले. पहिल्या झोताला माडीवरची माणसं "हा..." करून सुखावली. विमान पुन्हा उडालं. रुपचंदच्या चष्म्यावर एक पिवळा थेंब पडला, तो त्यांनी शर्टाने पुसला. मग आतून टिकली फुटल्यासारखा आवाज आला. पडदा काळा झाला आणि जळल्याचा वास सुटला.

नंतर काहीही केलं तरी ते सुरू झालं नाही.

रुपचंदने चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनीच पंडितच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दुकानदाराने फसवलं तुम्हाला. तुम्ही एवढ्या आपुलकीने आणलं." रात्री लताने पंडितच्या पानात जास्तीची पोळी वाढली. ती त्याने ताटाच्या कडेला सरकवून ठेवली.

सकाळी रुपचंद कागद-पेन घेऊन बसले. "मी इंग्रजीत कडक लिहितो. तुम्ही परत गेलात की हातात द्या त्याच्या. न ऐकेल तर तिथल्या सरकारकडे तक्रार करायची. काय नाव त्याचं पूर्ण?"

पंडितला वर्गीसचा चेहरा आठवला. गर्मी का जगह है तो ये बडावाला लो. त्याने विचारलं होतं. दोन्ही पेट्या समोर ठेवून विचारलं होतं.

"भाऊ, लिहू नका," पंडित म्हणाला. "त्याची चूक नाही. त्याने मोठी पेटी दाखवली होती. मी म्हटलं, घरी एसी आहे."

"असं का म्हणालात?"

"लाज वाटली." तो जमिनीकडे पाहत होता. "आणि मी कॉम्प्युटरच्या कामावर नाही. डक्ट बसवतो. पत्र्याचे. पहिल्या दिवसापासून."

पुष्पा चहा घेऊन दारात आली होती. कपबश्या वाजल्या, पण पडल्या नाहीत.

रुपचंदने पेनचं टोपण लावलं. "म्हणजे काल... तो कूलर. माझ्या चष्म्यावर पडला तसे थेंब उडणार हे माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"डक्टचं राहू द्या, ते तुमचं तुम्ही बघा. थेंबांचं माहीत होतं?"

"हो, भाऊ. माहीत होतं."

रुपचंदने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. एवढ्या वर्षांत ते पंडितला कधी रागावून बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत. उठून आत जाताना म्हणाले, "जाण्याआधी त्या कूलरचं गवत काढून नीट भरून जा. तुम्ही दिलेला आहे तो."

पंडितने कूलर खाली अंगणात आणला. जाळ्या उतरवल्या, ओलं गवत उपसलं, पिंजून उन्हात पसरलं. जुनं काम बोटांना आठवत होतं, पण मान वर करवत नव्हती. माडीच्या खिडकीत लता उभी होती, ती आत सरकली.

पुष्पा आली आणि साडी गुडघ्यात खोचून समोर बसली. तीच साडी. तिने त्याच्या हातातली जाळी काढून घेतली आणि भरायला लागली. एक जाळी झाली, दुसरी झाली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय? डक्टचं?"

"ते नाही. ते आत्ताच कळलं, आणि त्याचं मी घरी गेल्यावर बोलेन." तिने गवताचा पेळू दाबून कोपऱ्यात बसवला. "थेंबांचं. बारा वर्षं गवत भरलंय मी. काल तुम्ही कूलर ओढायला लागलात तेव्हा मी वरची पोकळी बघितली. तोंडाशी आलं होतं. पण लताअक्काला सांगून ठेवलं होतं ना, आमच्याकडे आता असली कामं नाहीत म्हणून. मग कशी बोलणार?"

पंडितने तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून भरत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

तिन्ही जाळ्या बसल्या. पंडितने टाकीत बादलीभर पाणी ओतलं आणि नुसता पंप चालू केला. गवतातून पिवळं पाणी ठिबकायला लागलं. पंखा लावायला अजून तासभर होता. एस्टी दोनला होती. दोघं उन्हातून भिंतीच्या सावलीत सरकून बसली आणि पाणी नितळ व्हायची वाट बघू लागली. वरून कोणी चहाला हाक मारली नाही, आणि मारली असती तरी दोघांपैकी कोण आधी वर गेलं असतं, कोण जाणे.